बरं वाटतंय, मग इंजेक्शन कशाला? एमएसबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हातापायाला मुंग्या येण्याबद्दल लिहिताना मी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं नाव एका ओळीत घेतलं होतं, आणि त्या एका ओळीवर एवढे मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत. पण वाचताना लक्षात आलं की बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट आहे, त्रास कमी झाला म्हणजे आजार कमी झाला ना? नाही हो. या आजारात त्रास आणि आजार हे दोन वेगळे हिशोब आहेत, ते एकत्र करू नका, आणि खालची बरीचशी उत्तरं त्यावरच आहेत.

माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. फेब्रुवारीत उजव्या डोळ्याने एकदम धूसर दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं, लाल रंग फिका दिसायचा. तीन दिवस सलाईनमधून स्टेरॉइड दिलं आणि महिन्याभरात नजर परत आली. एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे डाग आलेत आणि डॉक्टर म्हणतात एमएस आहे, कायमचं औषध घ्यावं लागेल. पण ती आता ठणठणीत आहे, ऑफिसला जाते. आई म्हणते धडधाकट पोरीला कशाला इंजेक्शनं टोचायची. खरंच सुरू करायचं का? (एक ताई, नागपूर)

ताई, आईंचं वाटणं मला कळतं, समोर हसतीखेळती मुलगी आहे आणि डॉक्टर आयुष्यभराचं बोलतायत. पण नजर परत आली ती आजार गेला म्हणून नाही, डोळ्याच्या नसेवरची सूज उतरली म्हणून. एमएसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी मेंदूतल्या, मणक्यातल्या आणि डोळ्यामागच्या नसांवरचं जे चरबीचं आवरण असतं त्यावर हल्ला करतात. तरुण वयात मेंदूकडे राखीव ताकद भरपूर असते, एक रस्ता बंद झाला की तो शेजारच्या रस्त्याने काम भागवतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. ज्यांचे एमआरआय पुन्हा पुन्हा काढून पाहिले त्यांच्यात असं दिसलंय की बाहेर एक अटॅक, म्हणजे अचानक उठलेला नवा त्रास, जाणवतो तेवढ्यात आत पाच ते दहा नवे डाग येऊन गेलेले असतात, गुपचूप. म्हणजे जे वर्ष तुम्हाला 'काहीच झालं नाही' असं वाटतं ते मेंदूसाठी तसं असेलच असं नाही.

म्हणून उत्तर हो, सुरू करा, आणि लवकर करा. २०२० मध्ये स्वीडनच्या आणि एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या पेशंटची तुलना छापून आली होती, ज्यांना जोरदार औषध पहिल्या दोन वर्षांत मिळालं ते पुढे सहा ते दहा वर्षांनी, चौथ्या ते सहाव्या वर्षात मिळालेल्यांपेक्षा चालण्याफिरण्यात बरेच चांगले होते. पूर्वी आम्ही सौम्य औषधापासून सुरुवात करायचो आणि अटॅक आला की वर चढायचो, मीही तसंच केलंय कितीतरी वर्षं. आता बरेच न्यूरॉलॉजिस्ट उलट विचार करतात आणि मला तो पटतो, कारण गेलेली नस परत आणणारं औषध आज तरी हातात नाही.

मात्र त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, हा एमएसच आहे ना. भारतात हे फार महत्त्वाचं आहे. पांढरे डाग काय कशानेही येतात, बी-१२ कमी असलं तरी नसा बिघडतात, टीबी मेंदूत शिरला तरी एमआरआय गोंधळात टाकतो. आणि एमएससारखेच दिसणारे पण वेगळे असे दोन आजार आहेत, एनएमओ आणि मॉग. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी २००४ मध्ये एनएमओची रक्तातली अँटिबॉडी शोधून काढली आणि तेव्हापासून कळायला लागलं की हा आजारच वेगळा. एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन धरून, एनएमओच्या पेशंटला दिली तर आजार भडकतो. असा पेशंट माझ्याकडे आलाय, दुसरीकडे दोन वर्षं एमएसची इंजेक्शनं घेऊन, आणि तोपर्यंत एका डोळ्याची नजर कायमची गेली होती. रक्ताची साधी तपासणी होती हो. त्यामुळे बहिणीच्या डॉक्टरांना सरळ विचारा, एनएमओ आणि मॉगच्या टेस्ट झाल्यात का, मणक्याचाही एमआरआय झालाय का, पाठीतलं पाणी काढून तपासलंय का. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

निदानाचे नियमही बदललेत. आम्ही ज्याला मॅकडोनाल्ड निकष म्हणतो ते २००१ मध्ये आले, मग चार वेळा सुधारले, शेवटची सुधारणा २०२४ ची, ती २०२५ मध्ये छापून आली. तुमच्या बहिणीच्या दृष्टीने त्यात मोठी गोष्ट म्हणजे डोळ्याची नस आता पाचवी जागा म्हणून मोजतात, आधी मेंदूतल्या तीन आणि मणक्यातली एक अशा चारच जागा धरायचे. शिवाय एमएसच्या डागाच्या बरोबर मधोमध एक बारीकशी शीर दिसते, चांगल्या मशीनवर ती शोधता येते, बीपीने किंवा मायग्रेनने आलेल्या डागांत सहसा ती नसते. आणि पाठीतल्या पाण्यात कप्पा नावाच्या प्रोटीनचं प्रमाण मोजून जुन्या किचकट टेस्टचं काम भागतं. पूर्वी दुसऱ्या अटॅकची वाट बघत लोक वर्षानुवर्षं अधांतरी असायचे, आता पहिल्याच खेपेला सांगता येतं, म्हणून तिला लगेच नाव सांगितलं गेलं, डॉक्टरांनी घाई केली असं समजू नका.

माझ्या १४ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी गळ्यात गाठी, ताप, महिनाभर थकवा असं झालं, रिपोर्टमध्ये ईबीव्ही व्हायरस आला. आता वाचलं की त्याच व्हायरसने एमएस होतो. रात्री झोप लागत नाही. लस आहे का? (एक बाबा, पुणे)

बाबा, आधी झोपा. बातमी खरी आहे पण अर्धीच तुमच्यापर्यंत आली.

अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त ठराविक काळाने तपासतात आणि नमुने जपून ठेवतात. हार्वर्डच्या अल्बर्टो अ‍ॅशेरिओ यांच्या टीमने एक कोटीपेक्षा जास्त सैनिकांच्या नोंदी तपासल्या, त्यातल्या ९५५ जणांना नोकरीत असताना एमएस झाला होता. नमुने मिळालेल्या ८०१ पेशंटपैकी एक सोडून सगळ्यांना एमएसच्या आधी एपस्टाइन-बार व्हायरस, म्हणजे तुमचा ईबीव्ही, होऊन गेलेला होता आणि तो झाल्यावर धोका ३२ पट वाढत होता. दुसऱ्या कुठल्या व्हायरसने, अगदी तसाच पसरणाऱ्या सायटोमेगॅलोनेही, असं होत नव्हतं. नसांना इजा झाली की रक्तात जे प्रोटीन चढतं तेसुद्धा व्हायरसच्या नंतरच चढलं. हे जानेवारी २०२२ चं. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की व्हायरसचं एक प्रोटीन आणि मेंदूतलं ग्लायलकॅम नावाचं प्रोटीन यांचा एक तुकडा एकमेकांसारखा आहे, काही पेशंटमध्ये एकाला मारायला तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही जाऊन चिकटते.

आता उरलेली अर्धी. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा व्हायरस आहे, माझ्या आहे, तुमच्याही असणार. आपल्याकडे तर बहुतेकांना तो लहानपणीच, उष्ट्यामाष्ट्यातून, न कळत होऊन जातो. म्हणजे व्हायरसशिवाय एमएस होणं जवळजवळ अशक्य, पण व्हायरस आहे म्हणून एमएस होईल असं अजिबात नाही, सोबत बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. जनुकं त्यातली एक. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएस इतर भारतीयांपेक्षा खूपच जास्त आहे हे डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं, शहर तेच, ऊन तेच, हवा तीच, तरी. पण जुळ्यांचा अभ्यास बघा, एकाला एमएस असेल तर अगदी एकसारख्या जुळ्या भावंडालाही तो साधारण चारात एकालाच होतो, म्हणजे निव्वळ जनुकांवरही नाही.

मोठ्या वयात गाठीताप म्हणून ईबीव्ही झाला तर धोका दुप्पट-तिप्पट होतो हे मी लपवत नाही. पण कशाच्या दुप्पट? मंगळुरूमध्ये मोजणी झाली तेव्हा लाखामागे आठच्या आसपास पेशंट सापडले. त्याच्या तिप्पट धरले तरी किती होतात बघा. लस अजून नाही, चाचण्या चालू आहेत. मुलाला दरवर्षी एमआरआयला नेऊ नका. त्याचं वजन आटोक्यात ठेवा, मैदानावर उन्हात खेळू द्या, आणि सिगारेटपासून लांब ठेवा, कारण किशोरवयातला लठ्ठपणा, व्हिटॅमिन डी ची कमतरता आणि धूम्रपान या तिन्हींनी धोका वाढतो आणि त्यातलं बरंचसं आपल्या हातात आहे.

मला नऊ वर्षांपासून एमएस आहे. एप्रिल-मे आला की पाय ओढत चालावं लागतं, डोळ्यासमोर धुकं. दरवर्षी मी घाबरून स्टेरॉइड घेते. अटॅकच ना हा? (अकोल्याहून एक काकू)

काकू, बहुतेक नाही! अकोल्याच्या ४५ डिग्रीत हे होणारच. आवरण गेलेल्या नसेतून करंट कसाबसा जात असतो, शरीराचं तापमान अर्ध्या डिग्रीने वाढलं तरी तो मधेच अडकतो, गार झालं की पुन्हा जायला लागतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊथॉफ यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय की काही पेशंटची नजर व्यायामाने तात्पुरती मंदावते. नवा डाग नाही, जुनीच जखम ओरडतेय. इथे त्रास वाढलाय पण आजार वाढलेला नाही, नागपूरच्या ताईंच्या बहिणीच्या बरोब्बर उलटं.

ओळखायचं कसं, तर ओला पंचा मानेवर टाकून कूलरसमोर तासभर बसा, उतरलं तर उन्हामुळे होतं. नवा त्रास सलग २४ तासांहून जास्त टिकला, ताप नाही आणि गारव्यात बसूनही कमी होत नाही, तर अटॅकचा विचार करायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. आणि लघवी तपासा, नक्की तपासा. तुमच्या आजारात लघवी पूर्ण रिकामी होत नाही, इन्फेक्शन होतं, जळजळ जाणवतेच असं नाही आणि पाय मात्र जातात. एवढं बघितल्याशिवाय स्टेरॉइड घेऊ नका, दरवर्षी घेऊन हाडं आणि शुगर दोन्ही बिघडवून घ्याल. पापड-कुरडयांची कामं या वर्षी सुनेला सांगा किंवा पहाटे उरका.

बायकोला एमएस आहे. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, एक वर्षाला काही लाखांचं आणि दुसरं रिटक्सिमॅब, ते बरंच स्वस्त. स्वस्त म्हणजे कमअस्सल का? मी रिक्षा चालवतो. (कोल्हापूर)

दादा, अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. रिटक्सिमॅब मुळात रक्ताच्या कॅन्सरचं औषध, ते बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी काढून टाकतं. तुमच्या पहिल्या पर्यायाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते ओक्रेलिझुमॅब असेल तर तेही त्याच बी-पेशींवर काम करतं, दोघं जवळचे नातेवाईकच म्हणा. (ईबीव्ही व्हायरस लपून बसतो तोही याच बी-पेशींमध्ये, त्यामुळे ही औषधं एवढी चालतात त्यामागे तेच कारण असेल का यावर सध्या खूप काम चालू आहे.) स्वीडनमध्ये रिटक्सिमॅब एमएससाठी सर्रास देतात आणि तिथल्याच २०२२ च्या चाचणीत दोन वर्षांत रिटक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांना अटॅक आला, तर डायमिथाइल फ्युमरेटची गोळी घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना. कंपनीने एमएससाठी परवानगी मागितली नाही म्हणून खोक्यावर एमएस लिहिलेलं नसतं, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये एमएससाठी पहिल्यांदाच तीन औषधं अत्यावश्यक यादीत घेतली, क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि हेच रिटक्सिमॅब. भारतात त्याची देशी आवृत्ती २००७ पासून बनते.

सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, राहिलेल्या लसी आधी घ्यायच्या, आणि नंतर अधूनमधून रक्तातल्या अँटिबॉडीज मोजायच्या कारण इन्फेक्शनचा धोका वाढतो. ताप आला तर घरी क्रोसिनवर भागवायचं नाही.

अजून एक, एमएस २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नावानिशी आहे. बायकोला चालण्याचा, दिसण्याचा त्रास उरला असेल तर सिव्हिलमधून युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा, लाजू नका. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था आहे, मुंबई-पुण्यात त्यांच्या शाखा आहेत, तिथली माणसं कागदपत्रांपासून सगळं समजावून सांगतात.

वय ५८, अटॅक येणं कधीच थांबलं पण गेली बारा वर्षं हळूहळू उतरतोय, आता वॉकर. मुलाने स्टेम सेलची जाहिरात पाठवलीय, पाच इंजेक्शनांत चालायला लागाल म्हणतात. घर गहाण टाकू का? (डोंबिवली)

नका टाकू. काका, हात जोडून सांगते, नका टाकू.

स्टेम सेल या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खरी, तिच्यात पेशंटच्या स्वतःच्या मूळपेशी काढून ठेवतात, केमो देऊन जुनी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि त्या पेशी परत देतात. तरुण पेशंटना, ज्यांना औषधं चालू असूनही अटॅकवर अटॅक येतायत, त्यांना ती खूप उपयोगी पडू शकते, मोठ्या हॉस्पिटलात, पूर्ण धोका समजून. तुमच्या वयात आणि टप्प्यात तिचा फायदा फार कमी आणि धोका जास्त. दुसरी म्हणजे ही जाहिरातवाली, कुठूनतरी आणलेल्या पेशी पाठीत टोचायच्या. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीप्रमाणे असलं काही फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच देता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले तिथेच ओळखा. २००९ नंतर असंच एक प्रकरण झालं होतं, मानेच्या शिरा फुग्याने रुंद केल्या की एमएस बरा होतो म्हणून, कॅनडाहून लोक ते करून घ्यायला भारतातसुद्धा आले, आणि पुढे नीट चाचण्या झाल्या तेव्हा फायदा शून्य निघाला.

तुमचा टप्पा औषधांना इतका दाद का देत नाही, तर आजवरची बहुतेक औषधं रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या पेशींना अडवतात, आणि तुमच्यात आग आतच धुमसतेय, मेंदूतल्याच मायक्रोग्लिया नावाच्या पेशींमध्ये, बाहेर दार लावून उपयोग नाही. आतपर्यंत पोचणारी टोलेब्रुटिनिब ही गोळी नेमकी तुमच्यासारख्या, अटॅक थांबलेल्या पेशंटवर तपासली, २०२५ मध्ये निकाल आला, अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी. या टप्प्यात असं काही चाललेलं बघून मला खरंच भरून आलं. पण काही जणांच्या लिव्हरला गंभीर इजा झाली, त्यामुळे तुम्हाला ती आज लिहून देता येईल अशी स्थिती नाही. कोलेस्टेरॉलच्या सिमवास्टॅटिनवरही खूप आशा होती, ब्रिटनमधल्या ९०० हून जास्त लोकांच्या चाचणीत उपयोग झाला नाही. वाईट वाटलं, स्वस्त गोळी होती.

तेवढ्या पैशात चांगला फिजिओथेरपिस्ट लावा, आठवड्यातून तीनदा. पाय कडक होत असतील तर बॅक्लोफेन, चालण्याचा वेग वाढतो का बघायला फॅम्प्रिडिन, हे डॉक्टरांना विचारा, फिट येण्याचा इतिहास असेल तर तेही सांगा. लघवीच्या त्रासासाठी युरॉलॉजिस्टला एकदा दाखवा, त्याने रात्रीची झोप परत येते.

व्हिटॅमिन डी ने एमएस थांबतो का? (लातूर)

थोडी मदत होते असं दिसतंय, थांबत नाही. फ्रान्समधल्या चाचणीत पहिल्याच अटॅकनंतर दर दोन आठवड्यांनी एक लाख युनिट दिलं, दोन वर्षांत आजाराची हालचाल ७४ टक्क्यांऐवजी ६० टक्के लोकांत दिसली. त्याआधीच्या काही चाचण्यांत मात्र फरक पडला नव्हता. हे वाचून साठ हजारांची पाकिटं मनाने रोज फोडू नका, एक पेशंट तसं करून कॅल्शियम चढून किडनीपर्यंत पोचलाय. लेव्हल बघून डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि मुख्य औषधासोबत, त्याच्याऐवजी नाही.

एमएस आहे, लग्नाला दोन वर्षं झाली, बाळ हवंय. सासूबाईंना भीती आहे की बाळंतपणाने आजार वाढेल, मलाही आहे. टेरिफ्लुनोमाइड चालू आहे. (ठाणे)

आधी शेवटचं वाक्य. टेरिफ्लुनोमाइड चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका आहे, आणि गोळी बंद केली तरी ती शरीरात कित्येक महिने, कधी दोन वर्षंही राहते. ती धुऊन काढायला अकरा दिवसांचा एक कोर्स असतो, मग रक्तात लेव्हल बघतात, मगच प्रयत्न. तोवर गर्भनिरोधक चालू ठेवा आणि गोळी स्वतःहून बंद करू नका, या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

बाकी सासूबाईंना हे वाचून दाखवा. १९९८ मध्ये युरोपातल्या १२ देशांतल्या अडीचशे बायकांचा अभ्यास आला, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक ७० टक्क्यांनी कमी झाले होते! त्याआधी डॉक्टरच सरसकट नको म्हणायचे, कितीतरी बायकांना उगीच मूल नाकारलं गेलं. बाळाला एमएस होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास. नॉर्मल डिलिव्हरी चालते, कंबरेतलं भुलीचं इंजेक्शन चालतं, अंगावर पाजणं चालतं, ग्लॅटिरामर किंवा इंटरफेरॉन गरोदरपणातही चालू ठेवता येतं.

जपायचे ते बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने, तेव्हा अटॅक पूर्वीपेक्षा वाढतात. जागरण, थकवा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तुम्ही म्हणाल बरी आहे मी, बघू नंतर. त्यामुळे औषध परत कधी सुरू करायचं आणि एमआरआय कधी काढायचा हे सातव्या महिन्यातच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ती तारीख बारशाच्या तारखेशेजारी कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी बाळाला कोण सांभाळणार हे सासूबाईंशी आत्ताच बोलून ठेवा.